तोच हाये

आमच्या घरात शिरायच्या आधी बाहेरून विचारावं लागे, "कोन हाये?" आत कोण आहे हे पक्कं ठाऊक असलं तरी विचारायचं. पाव्हण्यानं विचारायचं, शेजारणीनं विचारायचं, आणि मी खेळून आले तरी मीही विचारायचं. कारण साधं होतं. माझे अब्बा पिंजारी. बाहेरची खोली कापसाची आणि मागची आमची, असं ते दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीचं दार दिवसभर उघडं असे आणि त्यावर गोणपाटाचा जाड पडदा सोडलेला असे, म्हणजे कापसाचे तंतू उडून गल्लीत जायला नकोत. पडद्याच्या आत पिंजण चाललेली असायची. पिंजण म्हणजे माणसाच्या उंचीचं लाकडी धनुष्य, त्याला बकऱ्याच्या आतड्याची तात ताणून बांधलेली. ते छताला दोरीनं टांगायचं, डाव्या हातानं सावरायचं आणि उजव्या हातातल्या लाकडी ठोकळ्यानं तात ओढून सोडायची. तात कापसात थरथरली की दबलेला कापूस फुलून वर येतो. अशा वेळी कोणी पडदा सारून धाडकन आत आलं, तर वाऱ्यानं कापूस घरभर, आणि दचकून हात चुकला, तात तुटली, तर तोंडावर फटका. माझ्या एका आतेभावाच्या गालावर असला वळ मरेपर्यंत होता.

तर बाहेरून "कोन हाये?" आणि आतून अब्बांचं ठरलेलं उत्तर, "तोच हाये!" त्यातला 'हा' ते जरा लांबवायचे. मंगरूळपीरच्या आमच्या मोहल्ल्यात हे उत्तर सगळ्यांच्या पाठ झालं होतं. नवीन माणूस मात्र गोंधळायचा. एकदा घरोघरची माणसं लिहून घेणारा एक कारकून आला. त्यानं पडद्याबाहेरून विचारलं, आत कोण आहे? अब्बा म्हणाले, तोच हाये. तोच म्हणजे कोण, नाव सांगा, असं कारकून वैतागून म्हणाला. मी ओट्यावर बसले होते. मी मोठ्या शहाणपणानं सांगितलं, "तोच हे त्याहीचं नावच हाये." मला खरंच तसं वाटत होतं. माझ्या बापाचं नाव 'तोच' आहे, अशी माझी पाच-सहा वर्षांची होईपर्यंत समजूत होती. कारकुनानं वहीत काय लिहिलं कोण जाणे. माय मागच्या खोलीत ठसका लागेपर्यंत हसली, आणि पुढे कित्येक दिवस त्या कारकुनाच्या आवाजात "तोच म्हणजे कोण, नाव सांगा" म्हणून आम्हाला हसवत राहिली. नकला करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. भाजीवाला, मौलवीसाहेब, रजई भरून घ्यायला येणारी पाटलीणबाई, सगळे तिच्या गळ्यात राहत होते.

माझा गळा मात्र एकच, आणि तोही जाडाभरडा. पोरीला बापाचा गळा आलाय, हिचं लग्न कसं व्हायचं, असं बाया तोंडावर बोलायच्या. अब्बांना त्याचा अभिमान वाटे. ते मला बाजूला बसवून सरकी वेचायला लावायचे आणि पिंजता पिंजता गप्पा मारायचे. टँव टँव धुन्, टँव टँव धुन्, या आवाजात मी वाढले. खोलीत सगळीकडे बारीक पांढरं तरंगत असायचं. जवसाच्या चटणीत कापूस, अंबाडीच्या भाजीत कापूस, भाकरीचा पापुद्रा उचलला तर आत एक तंतू. संध्याकाळ होईपर्यंत अब्बांच्या पापण्या, मिशा, केस सगळं पांढरं होऊन जाई. रोज सूर्य कलला की माझा बाप म्हातारा व्हायचा आणि मागच्या अंगणात तोंड धुवून पुन्हा तरणा होऊन जेवायला बसायचा. खरा म्हातारा तो कधी झालाच नाही.

अब्बांचं खरं नाव बुढन. एकदा मी विचारलं होतं, "अब्बा, तुमी तोच काहून म्हन्ता? बुढन हाये असं काहून नाई सांगत?"

"बुढनचा काय भरवसा, बेटा? आज अथी हाये, उद्या शेलूबाजारले. कधी तापानं पडते, कधी तुया मायवर रुसून बसते. इचारनाऱ्याले पक्कं उत्तर पाह्यजे का नाई? मंग जो कुठीच जात नाई, त्याचंच नाव सांगाव."

"पन तो तं दिसत नाई."

"तातीचा आवाज दिसते काय तुले?" असं म्हणून त्यांनी तात सोडली. ठोकळा खाली ठेवल्यावरही ती कितीतरी वेळ गुणगुणत होती. हे उत्तर मला त्या वयात काही पटलं नाही. आवाज निदान ऐकू तरी येतो, असं मला म्हणायचं होतं, पण तेवढ्यात मायनं जेवायला हाक मारली.

ज्या हिवाळ्याबद्दल मला लिहायचं आहे त्याच्या आधीच्या पावसानं दगा दिला होता आणि त्याच्या पाठोपाठ मानमोडी आली. त्या तापाला लोक मानमोडी म्हणत, कारण माणूस मान टाकायचा तो टाकायचाच. थंडीच्या तोंडाला गाद्या, रजया भरायला गावोगाव फिरायचं हा अब्बांचा शिरस्ता. त्या वर्षी मायनं हाता-पाया पडून नको म्हटलं. अब्बा म्हणाले, "घरी बसून काय खावाव? आन् तो अथी हाये तसा तथीबी हायेच ना." खांद्यावर पिंजण, हातात ठोकळा, पाठीला भाकरीचं गाठोडं. शेलूबाजाराच्या रस्त्यानं ते निघाले तेव्हा तात त्यांच्या पावलागणिक बारीक वाजत होती. मी नाक्यापर्यंत गेले होते. तो आवाज माणूस दिसेनासा झाल्यावरही येत होता असं मला आठवतं. आठवणीवर किती विश्वास ठेवावा हा प्रश्न आहेच, पण मी माझ्यापुरता ठेवला आहे.

महिना उलटला. एका दुपारी मी ओट्यावर एकटीच चिंचोके खेळत होते. पाणी प्यायला आत गेले, बाहेर आले, तर पिंजण दारापाशी भिंतीला टेकून उभी. रस्ता मोकळा. मला इतका आनंद झाला की मी "अब्बा आले, अब्बा आले" म्हणून ओरडत सुटले आणि माय कणकेचे हात घेऊन धावत आली. अब्बा कुठेच नव्हते. थोड्या वेळानं पलीकडच्या कडुनिंबाखालून एक गाडीवान पुढे झाला. तो आपल्या बैलांना पाणी दाखवायला गेला होता. शेलूबाजाराच्या पलीकडच्या कुठल्याशा खेड्यातला शेतकरी. साथीच्या भीतीनं तो दहा हात लांबच उभा राहिला आणि तिथूनच बोलला.

"बाई, आजारी मानसं आमी चावडीत ठेवली होती. आत जायाची कोनाची छाती नोती. रोज सकायी दाराबाहेरून इचारो, कोन हाये? जो जित्ता असन तो नाव सांगे. तुमचं मानूस रोज एकच बोले. तोच हाये. आमाले वाटे, तापात बडबडून राह्यला. चार सकाया बोलला. पाचव्या सकायी इचारलं..." त्यानं डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं. "तवा कोनीच नाई बोललं, बाई."

शेजारच्या गावातून चार मुसलमान आणून त्यांनी माती दिली होती. कफनाला कापड मिळेना म्हणून रजईला आणलेलं कोरं कापडच वापरलं. एवढं सांगून तो निघाला. माय रडली नाही. तिनं फक्त पाठमोऱ्या गाडीवानाला विचारलं, "चार सकाया ना?" आणि त्यानं व्हय म्हटल्यावर तिनं पिंजण उचलली, आत नेली आणि छताच्या दोरीला टांगली. कणीक तिच्या हाताला तशीच वाळली होती.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी ते पहिल्यांदा घडलं. दिवेलागणीची वेळ होती. माय विहिरीवर गेली होती. मी बाहेरच्या खोलीत न पिंजलेल्या कापसाच्या ढिगावर पालथी पडले होते, कारण त्याला अजून अब्बांचा वास येत होता. बाहेर पावलं वाजली, घागर भिंतीला टेकल्याचा आवाज आला, आणि माय सवयीनं म्हणाली, "कोन हाये?" म्हणाली आणि थांबली. तिला आपली चूक कळली असावी. 'मी हाये' म्हणावं म्हणून मी कापसातून तोंड वर काढलं.

आणि उत्तर आलं. "तोच हाये."

मोठ्यानं नाही. रोजच्यासारखं, कामातून मान वर न करता म्हणावं तसं, 'हा' जरा लांबवलेला. डोक्यावर टांगलेली तात त्या आवाजासरशी बारीक गुणगुणली आणि थांबली. पडदा सारून माय आत आली. तिनं घागर खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहत राहिली, डोळ्यांकडे नाही, माझ्या ओठांकडे. मी तिच्या गळ्याकडे पाहत होते. मग तिनं दिवा लावला.

मी माझ्या मनाशी लगेच ठरवून टाकलं की हे मायनंच केलं. पडद्याबाहेर उभं राहून स्वतःच विचारलं आणि अब्बांच्या आवाजात स्वतःच उत्तर दिलं. तिला सगळ्यांचे आवाज काढता येत होते, मग नवऱ्याचा का नाही येणार? पण ही नक्कल हसवायला केलेली नव्हती, आणि त्यामुळेच मला भीती वाटली. आपण काय केलं हे तिला ठाऊक तरी आहे का, अशी शंका मला आली. आमच्या गावात दर्गा. जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, तिथे लोभानाचा धूर, नगारा आणि लांबलांबून आणलेल्या, अंगात येणाऱ्या बाया. त्यांचे केस मोकळे असत आणि त्या पुरुषांच्या आवाजात बोलत. काहींना त्यांच्या घरचे लोक महिनोन्‌महिने तिथंच ठेवून जात. माझी माय मेलेल्या नवऱ्याच्या आवाजात बोलते हे बाहेर कळलं, तर तिलाही तिथं नेऊन बसवतील. म्हणून मी तोंडाला कुलूप घातलं. जेवताना मी तिच्या गळ्यावरून नजर हलवत नसे. घास गिळताना तो हलायचा तेवढाच.

पुढे एके दिवशी मी दळण घेऊन आले आणि पडद्याशी थबकले. न विचारता आत जाणं मला जमेना, पायच उचलेना. मी हळूच विचारलं, "कोन हाये?" उत्तर आलं. तेच दोन शब्द. मी आत गेले तर माय मागच्या खोलीत चुलीपुढे पाठमोरी बसलेली. तिचा हात परातीत तसाच थांबलेला होता. मागे न वळता तिनं विचारलं, "आलीस वं?" आणि मी हो म्हटलं. एवढंच. त्या हिवाळ्यात असं पंधरा-वीस वेळा तरी झालं असेल. नेहमी आमच्यातली एक आत असायची आणि एक बाहेर. कधीकधी आठ-आठ दिवस काहीच येत नसे, आणि ते दिवस जास्त वाईट जात. उत्तराची मला भीती वाटे आणि नाही आलं की रडू येई. लहान पोरीची ही तऱ्हा मी आज कोणाला समजावून सांगू शकणार नाही.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला अल्लाचा भयंकर राग आला होता. तो कुठेच जात नाही म्हणे. मग पाचव्या सकाळी कुठे गेला होता? चावडीच्या दाराशी लोक विचारत होते तेव्हा अब्बांना बोलता आलं नाही, तर त्यानं तरी बोलायला काय हरकत होती? हे मी एकदा मायला बोलून दाखवलं. ती मारेल असं वाटलं होतं. हातातली भाकरी तव्यावर टाकून ती म्हणाली, "बोललाबी असन. त्याहीले आयकू नसन आलं. दूर उभे राहत होते ना ते." तिच्या या बोलण्यानं माझा राग गेला नाही, पण तो राग धरून बसायला मला एकटीला जड जाऊ लागलं.

थंडी ओसरली आणि केनवडहून निरोप आला. अब्बांचे थोरले भाऊ आम्हाला न्यायला येत होते. मी त्यांना मोठे अब्बा म्हणत असे. तेही पिंजारीच. माणूस वाईट नव्हता. भावाची बायको-पोर उघड्यावर पडू नये आणि भावाची पिंजण आपल्या पोराच्या कामाला यावी, एवढा सरळ त्यांचा हिशोब. मायला जायचं नव्हतं. केनवडच्या घरात आधीच अकरा तोंडं, तिथं तिला कोणाच्या तरी चुलीच्या कडेला बसावं लागणार होतं. मला तर वर्षभरात उजवून टाकणार हे मोठ्या अम्मीनं निरोपातच कळवलं होतं. मी तेव्हा गावातल्या पोरींच्या शाळेत नुकतीच जाऊ लागले होते. पण जेठाला, थोरल्या दिराला, नाही म्हणायचं कसं, आणि नाही म्हणून खायचं काय? ते यायच्या आदल्या दिवशी तिनं आमच्या दोघींच्या कपड्यांचं गाठोडं बांधलं, सोडलं आणि पुन्हा बांधलं.

भर दुपारी मोठ्या अब्बांची गाडी नाक्यावर लागली. मी त्यांना आणायला गेले होते. त्यांनी खिशातून गुळाचा मोठा खडा काढून माझ्या तोंडात कोंबला. तोंड मिटेना एवढा मोठा. तसंच चोखत मी त्यांच्या मागोमाग घरी आले. दारापाशी ते पडद्यासमोर उभे राहिले. त्यांच्या बापाच्या घरीही हीच रीत होती, त्यामुळे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. घसा खाकरून त्यांनी विचारलं, "कोन हाये?"

"तोच हाये."

पडदा धरलेला त्यांचा हात खाली आला. ऊन इतकं लख्ख होतं की गोणपाटाचा एक-एक धागा दिसत होता. मोठे अब्बा मागे सरकत सरकत ओट्यावर बसले. मायनं जेठासमोरही हे केलं! आता लपायचं नाही, आता तिला दर्ग्यात नेणारच. त्यांच्याआधी तिला गाठून सावध करावं म्हणून मी पडद्याखालून आत शिरले. बाहेरची खोली रिकामी होती. पिंजण जागच्या जागी टांगलेली होती आणि पडद्याच्या फटीतून आलेल्या उन्हात नेहमीसारखं पांढरं तरंगत होतं. मग मागच्या अंगणातून माय आत आली. ती गोवऱ्या थापत होती. तिचे हात कोपरापर्यंत ओल्या शेणानं भरले होते आणि तिच्या मागे जमिनीवर थेंब पडत होते, अंगणाच्या दारापासून ती उभी होती तिथपर्यंत. पडद्यापाशी एकही थेंब नव्हता. मी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

मोठे अब्बा आत आले. मायनं कोपरानंच डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"बाई, घरात कोन पुरुष हाये?"

"कोनीच नाई, भाईजान."

"मंग आतून कोन बोललं?"

मायनं एकदा माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड गुळानं भरलेलं होतं. मग ती खाली मान घालून म्हणाली, "मीच बोलली. आदत पडली, भाईजान. माफ करा."

मला हायसं वाटलं आणि त्याच वेळी मी तिचा पदर घट्ट धरला, आता तिला दर्ग्यात नेणार म्हणून. कबूल केलं बाईनं! मोठे अब्बा मात्र मान हलवत होते.

"बाईचा आवाज नोता तो. बुढनचाबी नोता. आमच्या अब्बाचा आवाज होता तो, बाई. त्याले जाऊन किती वरसं झाली! मी तुयाएवढा होतो," ते मला म्हणाले, "तवा याच आवाजानं आमी घरात शिरत होतो." एवढं बोलून तो दांडगा माणूस कापसाच्या ढिगाशी खाली बसला आणि हुंदके देऊन रडला. पुरुषाला तसं रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी पिंजणीवरून हात फिरवला. तात सैल पडली होती. त्यांनी आपल्या झोळीतून नवी तात काढली, तोंडानं ओली केली, ओढून बांधली आणि ठोकळा मायपुढे धरला. "धर. उभी राह्य अथी."

"मी? बाईमानूस पिंजन मारते काय, भाईजान? लोक काय म्हनतीन?"

"लोकाले थंडी वाजते ना? येतीन गुमान. मी तुमाले न्यायले आलतो. पन हे घर काई खाली नाई, मी कायले हलवू त्याले?"

तीन दिवस राहून त्यांनी मायला पिंजण शिकवली. तिचे खांदे सुजले, तळहाताला फोड आले. चौथ्या दिवशी ते रिकामी गाडी घेऊन केनवडला परतले, आणि पुढे दरवर्षी नव्या ताती आणून देत राहिले. गाव चार दिवस कुजबुजलं. मग पाटलीणबाईंनी पहिली रजई पाठवली आणि तोंडं बंद झाली. त्यानंतर बाहेरून कोणी "कोन हाये?" म्हटलं की माय तिच्या स्वतःच्या बारीक आवाजात उत्तर देई, "तोच हाये!" तो दुसरा आवाज पुन्हा कधीच आला नाही. त्यामुळे तर माझी खात्रीच पटली. आता तिला नकलेची गरज उरली नव्हती.

त्या पिंजणीच्या कमाईवर मी शाळा शिकले. ट्रेनिंग घेऊन मास्तरीण झाले. लग्न झालं, चार वर्षांत नवरा गेला आणि मी मायकडे परत आले. गावात कापसाची यंत्रं आली, पिंजणीचं काम आटलं. एवढं सगळं उलटंपालटं होत असताना माय मात्र रोज संध्याकाळी शाळेतून आलेल्या मला पडद्याआडून तेच सांगत राहिली. मला तिच्याएवढा विश्वास कधीच ठेवता आला नाही. मी तिच्या विश्वासावर जगले. हल्ली मोठ्या अब्बांच्या नातवानं मला फोमची गादी आणून दिली आहे. चांगली आहे, पाठ दुखत नाही, पण तिच्यात माणसाचा हात लागलेला कुठे सापडत नाही.

माय शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा एका दुपारी मी तिच्या पायांना तेल चोळत बसले होते. इतक्या वर्षांत आम्ही त्या हिवाळ्याबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो. आता बोलले नाही तर राहून जाईल, असं मला वाटलं.

"माय, त्या साली तू अब्बाच्या आवाजात बोले ना, मले लय भेव वाटे. पन त्याच्यावरच मी जगली. तुले हे सांगाचं राहून गेलतं."

तिनं डोळे उघडले. "मी बोलो?"

"मंग कोन? पडद्याआडून. तोच हाये म्हनून."

"बाप्पा!" ती म्हणाली आणि उशीवर कोपर टेकून उठायला लागली. "मी कायले बोलू? तूच बोले ना वं! बापाचा गळा तं तुयाच जवळ. मले वाटे, पोरीले बापाचा झटका बसला, आपुन बोललो तं अजून बिघडन. लोक दर्ग्यात नेऊन बसवतीन म्हनून मी मुकाट राह्यली."

"मोठ्या अब्बाले तूच सांगतलं, मीच बोलली म्हनून."

"तुले वाचवाले खोटं बोलली मी." ती माझ्याकडे पाहत राहिली, अगदी त्या पहिल्या संध्याकाळसारखी, ओठांकडे. "तू नोती?"

"माया तोंडात तवा गूळ होता," मी म्हटलं.

तेलाची वाटी माझ्या हातात तशीच होती. बाहेर गल्लीत कोणीतरी बकरी हाकत गेलं. मला वाटलं, ती घाबरेल. मी तर घाबरलेच होते, चाळिशीची मास्तरीण असून. पण मायच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं, अंगणातून कोणी ओळखीचं येताना दिसावं तसं. तिनं मान दाराकडे वळवली. तिथे गोणपाट आता नव्हतं, मी फुलांचा पडदा लावला होता. आणि तिनं घागर घेऊन उभं राहून विचारावं तसं विचारलं, "मंग कोन हाये?"

मी जन्मात पहिल्यांदा ते उत्तर दिलं. माझ्या जाड्या गळ्यानं, घाबरत घाबरत. "तोच हाये."

"हाच," माय म्हणाली. "हाच आवाज होता." आणि उशीवर डोकं टेकून तिनं निवांत डोळे मिटले. त्यानंतर ती आठ दिवस होती.

आता मी एकटी राहते. संध्याकाळी बाहेरून आले की कुलूप काढते, दार ढकलते आणि आत अंधाराला विचारते, "कोन हाये?" उत्तर येत नाही. मी चपला काढते आणि आत जाते.